चंद्रकळा नेसलेली बाहुली

मुलांच्या चित्रात काळा रंग जास्त दिसला की आईबाबांच्या पोटात गोळा येतो. मी मुलांच्या मानसिक आरोग्यावर काम करते; ही काळजी घेऊन माझ्याकडे येणारे पालक बरेच असतात आणि बहुतेकांनी मोबाइलवर त्याचे अर्थही वाचलेले असतात. (ओळख पटू नये म्हणून पुढचे तपशील बदलले आहेत.)

पाचवीतल्या एका मुलीच्या आईने जलरंगातलं चित्र माझ्यापुढे ठेवलं. जुन्या वळणाची बाहुली. खोपा, नथ, काळं नऊवारी. डोळ्यांच्या जागी कोरा कागद आणि कपाळापासून गालावर आलेला लाल ओघळ. "मॅडम, हिला डिप्रेशन तर नसेल ना?"

आईला बाहेर बसवून मी मुलीला एवढंच म्हटलं, "हिच्याबद्दल सांग ना मला."

ती खुललीच. पणजीची लाकडी ठकी होती ती. साडी म्हणजे चंद्रकळा, आजी संक्रांतीला नेसते तशी. लाल काठ काळा रंग ओला असतानाच लावला, म्हणून तो विरून गेला. कुंकू वाळायच्या आत कागद उभा धरला, तेव्हा ओघळ आला. आणि डोळे? "ठकीचे डोळे पुसले गेलेत. सगळ्यांनी लहानपणी तिला आंघोळी घातल्यात. नसलेले कसे काढू?"

किती बारकाईने पाहिलं होतं पोरीने! पण जाता जाता ती म्हणाली, "आई सारखी विचारते, तुला काय होतंय? म्हणून मी आता चित्रं दाखवतच नाही." मला काळजी वाटली ती या वाक्याची.

चित्रातून माणूस वाचण्याचा मोह जुना आहे. मानसशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी 1926 मध्ये मुलांनी काढलेल्या माणसाच्या चित्रावरून बुद्धीचा अंदाज घेण्याची चाचणी मांडली, 1949 मध्ये मानसशास्त्रज्ञ कॅरन मॅकोव्हर यांनी अशा चित्रांत व्यक्तिमत्त्व शोधलं. पण डोळे नाहीत म्हणजे अमुक, काळा म्हणजे तमुक, अशा सुट्या खुणांना पुढच्या संशोधनात भक्कम आधार मिळाला नाही. एका चित्रावरून मी कधीच निदान करत नाही.

आईला मी झोप, भूक, मैत्रिणी, शाळा, सगळं विचारलं. सगळं नेहमीसारखं होतं. मग सांगितलं, "काळा का वापरलास, असं विचारू नका. ‘सांग ना चित्राबद्दल’ म्हणा आणि ऐका. मूल दोन आठवडे उदास राहिलं, खेळणं सुटलं, झोप किंवा जेवण बिघडलं, तर नक्की या. जगणं नको असं बोललं, तर त्याच दिवशी या, मग चित्रं कितीही रंगीत असोत."

पुढची भेट मी ठेवली नाही.