मिक्सिन की एक्स्टेंड?

प्रश्न : चपलांच्या दुकानाची वेबसाइट करतोय. बटणांचे रंग वेगळे, बाकी सगळं तेच. सासमध्ये (Sass, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसची वाढीव भाषा) तेच तेच लिहिणं कसं टाळू? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : भावा, आधी काय बदलतं ते बघ. रंग बदलतो, त्याचं मिक्सिन (नाव देऊन पुन्हा पुन्हा वापरायचा ओळींचा गट) कर : रंग पॅरामीटर (दर वेळी बाहेरून द्यायची किंमत) म्हणून घे, होव्हरचा (माउस बटणावर आल्यावरचा) गडद रंग आतच काढ. पॅडिंग (बटणाच्या आतली मोकळी जागा), कडा, फॉन्ट मात्र मिक्सिनमध्ये कोंबू नकोस. मिक्सिन जितक्या वेळा इन्क्लूड करशील, म्हणजे वापरशील, तितक्या वेळा त्या ओळी सीएसएसमध्ये उतरतात. त्या प्लेसहोल्डरमध्ये (स्वतः सीएसएसमध्ये न उतरणाऱ्या नियमात) ठेवून एक्स्टेंड कर, म्हणजे बटणांना तो नियम जोड; तिथं फक्त सिलेक्टर (नियम कशाला लागू ते सांगणारी नावं) एकत्र येतात. मीडिया क्वेरीच्या (स्क्रीनच्या आकारानुसार लागू होणाऱ्या नियमांच्या) आतून बाहेरचा प्लेसहोल्डर एक्स्टेंड होत नाही, तिथं मिक्सिनच लागतं. रंगांची फाइल वेगळी ठेव, ती ‘यूज’नं आण. फाइल आणायची जुनी आज्ञा ‘इम्पोर्ट’ २०२४ मध्येच कालबाह्य ठरलंय, नव्या कामात अजिबात नको.