मेटल म्युझिक नव्याने ऐकतोयस ना, मग थेट ब्लॅक सबाथ या बँडपासून सुरू कर

अरे एकदम आजच्या बँडांवर उडी नको मारूस, आधी ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम लाव, हेडफोन घालून, रात्री. १३ फेब्रुवारी १९७० ला आला, शुक्रवार होता (तिकडे १३ तारखेचा शुक्रवार अशुभ मानतात), आणि जवळपास एका दिवसात रेकॉर्ड केलेला.

बँडमधली ही चौघं पोरं इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची, कारखान्यांच्या वस्तीतली. गिटार वाजवणारा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, १७ वर्षांचा असताना मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच! पठ्ठ्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा पातळ लावल्या, पुढे १९७१ च्या आसपास ट्यूनिंगच (तारांचा सूर) खाली आणलं म्हणजे तारा सैल पडून दाबायला सोप्या, आणि तो जड आवाज अजून जड झाला. मला हे वाचून अंगावर काटा आला होता खरंच.

समीक्षकांनी तेव्हा झोडपलं, पण लोकांनी अल्बम ब्रिटनमध्ये ८ व्या नंबरवर नेला. क्रॉस आणि काळे कपडे बघून सैतानाचे भक्त म्हणायचे त्यांना, घरी तुलाही कुणीतरी म्हणेलच. तेव्हा वाद नको घालूस, त्यांच्या 'वॉर पिग्ज' गाण्याचे शब्द वाचायला दे, ते सरळ सरळ युद्ध लावणाऱ्या नेत्यांविरुद्ध आहेत. बहुतेक गाण्यांचे शब्द बास गिटार वाजवणाऱ्या गीझर बटलरने लिहिलेत, त्याचा बास वेगळा काढून ऐक.