पिंजऱ्यातील कोंबडीचे देणे कोणाकडे?

प्रश्न : माझी मुलगी नागपुरातच महाविद्यालयात शिकते. पोल्ट्रीत पक्ष्यांचा छळ होतो, असे म्हणून तिने चिकन सोडले आहे. अंडी मात्र ती खाते, कारण अंड्यासाठी कोणाचा जीव जात नाही, असे तिचे मत आहे. आमच्या काटोलकडील गावी अंगणात कोंबड्या असत, सणावाराला रस्सा होत असे आणि त्यात कोणाला काही गैर वाटले नाही. मांस खाणे अनैतिक आहे, की पक्षी वाढवण्याची आजची पद्धत?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : आपण हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेत, हे फार चांगले केलेत. जीव घेऊन खावे का, हा प्रश्न जुना आहे. जैन, बौद्ध आणि वारकरी परंपरांनी आपापल्या परीने त्याला उत्तरे दिली आहेत आणि ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, तेथे अहिंसेची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. दुसरा प्रश्न मात्र अलीकडच्या काही पिढ्यांचा आहे. अंगणातील कोंबडी दिवसभर उकिरडा उकरत असे, धुळीत लोळत असे, अंडे घालण्यासाठी कोपरा शोधत असे, खुडूक बसत असे आणि अखेरीस कापली जात असे. आजच्या कोंबडीचा शेवट तिच्यासारखाच असला, तरी त्याआधीचे आयुष्य तसे राहिलेले नाही. त्यामुळे वाडवडिलांचा दाखला येथे लागू पडत नाही.

आपल्या मुलीच्या भूमिकेतील अर्धा भाग मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. मांसासाठी वाढवला जाणारा ब्रॉयलर आपल्याकडे सहसा पिंजऱ्यात नसतो. तो शेडमध्ये तुसावर वाढतो आणि सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास भरून विकला जातो. त्याचा त्रास पैदाशीतूनच आलेला असतो, कारण वजन इतक्या झपाट्याने वाढते की पाय आणि हृदय त्याला पुरे पडत नाहीत. अंड्यांची कोंबडी, म्हणजे लेयर, तारेच्या पिंजऱ्यात वर्षाहून अधिक काळ काढते. आपल्याकडे एका कोंबडीमागे ४५० चौरस सेंटिमीटर जागा हे प्रमाण वर्षानुवर्षे रूढ होते. झेरॉक्सचा साधा ए-फोर कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. त्याहूनही कमी अशा या जागेत पंख पसरता येत नाहीत, माती मिळत नाही आणि अंडे घालायला आडोसाही नसतो. दाटीत पक्षी एकमेकांना टोचतात म्हणून चोचीचे टोक लहानपणीच छाटले जाते. या जातीचे नर पिल्लू अंडी देत नाही आणि मांसासाठीही परवडत नाही, म्हणून ते उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी मारले जाते. जर्मनीने २०२२पासून या प्रथेवर बंदी घातली; आपल्याकडे ती चालू आहे. तेव्हा छळ टाळणे हाच मुलीचा हेतू असेल, तर चिकन सोडून पिंजऱ्यातील अंडी खात राहण्याने तो साधत नाही. एका पक्ष्याने सोसलेल्या दिवसांचा हिशेब केला, तर अंड्याचे पारडे कदाचित अधिकच जड भरेल.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. बाजारात तपकिरी अंडी गावरानी म्हणून चढ्या भावाने विकली जातात. परंतु कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, तिच्या राहणीवर नव्हे. तपकिरी अंडे पिंजऱ्यातलेही असू शकते.

माझे उत्तर असे की, मांसाहाराबद्दल आपल्यात मतभेद राहिला तरी चालेल. परंतु ज्या जिवाला उकरणे, लोळणे आणि पंख पसरणे यांची उपजत ओढ आहे, त्याला जन्मभर यांपैकी काहीही करू न देणे हे मांस खाणाऱ्यालाही समर्थनीय ठरवता येणार नाही. गरीब घरातील मुलाला स्वस्त अंडे मिळते, हा आक्षेप खरा आणि वजनदार आहे. त्यावर एवढेच म्हणता येईल की, ज्यांना दोन रुपये अधिक देणे सहज शक्य आहे, अशा आपल्यासारख्यांनी तो आक्षेप स्वतःच्या बचावासाठी वापरू नये.

प्रश्न : मी विधी शाखेचा विद्यार्थी आहे. ज्यांना कर्तव्ये पाळता येत नाहीत, त्या प्राण्यांना हक्क कसे असू शकतात?
— एक वाचक, सीताबर्डी

उत्तर : तान्ह्या मुलालाही कर्तव्ये नसतात, तरी त्याचे हक्क आपण मानतो. आपल्या न्यायालयांनी तर देवमूर्तीलाही कायद्याने व्यक्ती मानले आहे. तिच्या वतीने दुसरा कोणी दावा चालवतो. कोंबडीच्या वतीने कोणी बोलण्यात तात्त्विक अडचण आहे, असे मला वाटत नाही.

न्यायालयांची वाट मात्र सरळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली जल्लिकट्टू या तमिळनाडूतील बैलांच्या खेळावर बंदी घालताना, भूक-तहान, अस्वस्थता, वेदना व आजार आणि भय यांपासून मुक्तता व स्वाभाविक वर्तनाची मोकळीक, ही पाच स्वातंत्र्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातील आणि राज्यघटनेच्या कलम ५१-क मधील कर्तव्यांशी जोडली. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली समस्त प्राणिमात्रांना विधिक व्यक्तीचा दर्जा जाहीर केला. पुढे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्याच घटनापीठाने, असे खेळ पुन्हा चालू करण्यासाठी तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी त्या कायद्यात केलेल्या दुरुस्त्या वैध ठरवल्या आणि आपल्याकडील बैलगाडा शर्यतीचा मार्ग मोकळा राहिला. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही, हा दंडक आपण निष्ठेने पाळतो. म्हणजे राबणाऱ्या जनावराचे आपल्याकडे काही देणे लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. कोंबडीसाठी असा एकही दिवस नाही.

हक्कांच्या चर्चेत एक साधी गोष्ट विसरली जाते, म्हणून ती आपल्या अभ्यासासाठी नोंदवतो. जनावराला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११नुसार गुन्हाच आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड त्या कायद्याने १० ते ५० रुपये ठेवला होता. आज तेवढ्यात डझनभर अंडीही येत नाहीत. विधी आयोगाने २०१७ साली २६९व्या अहवालात लेयर आणि ब्रॉयलर पक्ष्यांच्या जागेचा आणि वाहतुकीचा विचार करून नियमांची शिफारस केली. युरोपीय संघात साधे बॅटरी पिंजरे, म्हणजे रांगांनी रचलेले असेच तारेचे पिंजरे, २०१२पासून बंद झाले आहेत, म्हणजे हे अशक्य कोटीतले नव्हे.

प्रश्न : उमरेड रोडला माझे ब्रॉयलरचे शेड आहे. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची; शेड, वीज आणि मेहनत माझी. मे महिन्यात रात्र रात्र जागून फॉगर, म्हणजे पाण्याचे तुषार उडवणारे यंत्र, चालवतो आणि शहरातले लोक मलाच क्रूर म्हणतात. बॅचमध्ये किती पिल्ले टाकायची आणि लिफ्टिंग, म्हणजे वाढलेले पक्षी उचलून नेणे, कधी करायचे, हे मी ठरवत नाही. मग पाप कोणाचे?
— एक कुक्कुटपालक

उत्तर : आपल्याला क्रूर म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत पत्र्याच्या शेडमध्ये एक दुपार काढली आहे, हे त्यांना जरूर विचारावे. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकते आणि वजन भरलेला पक्षी दाटीत असला की तेही जमत नाही. मर वाढली की किलोमागे मिळणारा आपला मोबदलाही घटतो, म्हणजे पक्ष्याची दाटी आणि आपला तोटा यांचे मूळ एकच आहे. संख्या ज्याने ठरवली आणि ज्या खाणाऱ्याने स्वस्ताईखेरीज दुसरे काही पाहिले नाही, त्या दोघांचा वाटा आपल्याहून मोठा आहे, असे माझे मत आहे.

तरीही आपला वाटा शून्य नाही. एका पक्ष्याला साधारण एक चौरस फूट हा सर्वत्र चालणारा हिशेब उन्हाळ्यात अपुरा पडतो, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. पुढील करारावर सही करण्यापूर्वी उन्हाळी बॅचमधील पिल्लांची संख्या कमी ठेवण्याचे आणि त्यामुळे घटणाऱ्या मोबदल्याची भरपाई कोण करणार, याचे कलम लेखी मागा. एकट्याने मागितल्यास कंपनी दुसरे शेड शोधेल. म्हणून परिसरातील कुक्कुटपालकांनी ही मागणी एकत्र करावी आणि उष्णतेतील दाटीविषयी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांचे लेखी मत सोबत जोडावे.