लग्नाच्या जुन्या व्हीसीडी नव्या टीव्हीवर कशा बघायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जांबोटीकडच्या घरात काकांच्या २००४ सालच्या लग्नाच्या तीन व्हीसीडी (व्हिडिओ सीडी) आहेत. जुना डीव्हीडी प्लेअर बंद पडला, नवीन घेतलेला ब्लू-रे प्लेअर त्या ओळखत नाही, आणि लॅपटॉपवर फाइल कॉपी करायला गेलं की अर्ध्यात एरर येते. टीव्हीवर बघायच्या कशा?

सरळ उत्तर आधी देतो. नवा प्लेअर शोधत बसू नका. यूएसबीला लागणारा डीव्हीडी रायटर घ्या, तिन्ही सीड्या लॅपटॉपमध्ये उतरवा आणि पेन ड्राइव्ह लावून टीव्हीवर बघा. फक्त 'उतरवणं' म्हणजे साधं कॉपी-पेस्ट नव्हे. तुमचं घोडं तिथेच पेंड खातंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी बेळगावात शहापूरला राहतो. गल्लीतली माणसं, खानापूर-निपाणीकडचे पाहुणे अशा सीड्या घेऊन येतात आणि तक्रार बहुतेक एकच असते: "सीडी घातली की नुस्तं फिरतंय बगा, चित्र येईना झालंय." आपल्या भागात त्या काळात झालेल्या लग्नांची, बारशांची, घरभरणीची कितीतरी चित्रं अजून फक्त अशा सीड्यांवरच आहेत. म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो.

ब्लू-रे प्लेअर सीडी का नाकारतो ते बघू. व्हीसीडीचं मानक १९९३ सालचं. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी मिळून ठरवलेलं. साध्या सीडीवर एमपेग-१ या व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीने चित्र बसवायचं. आपल्याकडच्या पाल या टीव्हीच्या पद्धतीत ते ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं, सेकंदाला २५ फ्रेम. एका सीडीवर ७४ मिनिटं मावतात, फार तर ८०, म्हणून लग्नाच्या पाकिटावर मार्करने १, २, ३ लिहिलेलं असतं. आपल्याकडे डीव्हीडी प्लेअर आले तेव्हा घरोघरी व्हीसीडीच होत्या, त्यामुळे इथे विकला गेलेला जवळपास प्रत्येक डीव्हीडी प्लेअर त्या वाजवायचा. ब्लू-रे प्लेअर करणाऱ्यांना ती गरज वाटली नाही. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५० चा, ब्लू-रेला ४०५ चा. गाण्यांची सीडी वाजणाऱ्या ब्लू-रे प्लेअरमध्ये ७८० चा लेसर असतोच, पण आतल्या सॉफ्टवेअरमध्ये व्हीसीडीची सोय अनेकदा ठेवलेली नसते. मॅन्युअलमध्ये 'व्हिडिओ सीडी' असं लिहिलेलं नसेल तर त्या प्लेअरचा नाद सोडा. प्लेस्टेशन ४ आणि ५ ही गेमची यंत्रं तर कुठलीच सीडी घेत नाहीत.

आता कॉपी का अडते ते नीट समजून घ्या, कारण इथेच लोक 'सीडी गेली' म्हणून हात टेकतात आणि चांगली सीडी कचऱ्यात जाते. सीडीवरची माहिती छोट्या छोट्या सेक्टरांत लिहिलेली असते. प्रत्येक सेक्टर २३५२ बाइटांचा. साध्या डेटा सीडीत त्यातले २०४८ बाइट तुमच्या फाइलचे असतात आणि २७६ बाइट खास चूक दुरुस्त करण्यासाठी राखलेले असतात. एक बाइट चुकला तरी प्रोग्राम किंवा कागदपत्र बिघडतं, म्हणून एवढी काळजी. व्हीसीडी ठरवणाऱ्यांनी मात्र चित्रासाठी ही राखीव दुरुस्ती काढून टाकली आणि सेक्टरमध्ये २३२४ बाइट भरले. ७०० एमबीच्या सीडीवर जवळजवळ ८०० एमबीचा व्हिडिओ बसतो तो यामुळेच. गाण्यांच्या सीडीत असते ती मूळची दुरुस्ती इथेही आहे, तिच्यावरचा दुसरा थर तेवढा नाही.

याचा परिणाम काय होतो बघा. ओरखडा आला की डीव्हीडी प्लेअर तेवढा तुकडा सोडून देतो. पडद्यावर क्षणभर चौकोन चौकोन दिसतात आणि अक्षता पुढे चालू. कॉम्प्युटरची कॉपी मात्र तशी सोडून देत नाही. एक सेक्टर वाचता आला नाही की ती अख्खी फाइल टाकून थांबते. म्हणजे तुमच्या सीडीवरची ७० मिनिटं शाबूत असतील आणि दोन सेकंदांसाठी सगळं अडलं असेल, हे अगदी शक्य आहे.

म्हणून सेक्टर-सेक्टरने वाचणारा प्रोग्राम वापरा. विंडोजवर आयसोबस्टर आहे. त्यात सीडी उघडून व्हिडिओच्या ट्रॅकवर राइट क्लिक केलं की फक्त एमपेग फ्रेम गाळून घेऊन त्यांची एमपीजी फाइल काढायचा पर्याय दिसतो, तो निवडा. खराब सेक्टर आला की आयसोबस्टर तुम्हाला विचारतो. पुन्हा वाचायला सांगा, तरी जमलं नाही तर शून्य भरून पुढे जाऊ द्या. लिनक्स वापरत असाल तर व्हीसीडीइमेजर या संचातला व्हीसीडीएक्सरिप हेच काम करतो. नुसतं बघायचं असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या प्रोग्राममध्ये 'ओपन डिस्क'मध्ये जाऊन 'एसव्हीसीडी/व्हीसीडी' निवडा, लगेच चालू होईल.

सीडीवरच्या व्हिडिओच्या फाइलीच्या नावाला शेवटी 'डॅट' असतं, ते बदलून एमपीजी करा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. विंडोजमध्ये कॉपी केलेल्या त्या फाइलीत प्रत्येक सेक्टरच्या पूर्ण २३५२ बाइटांचा पसारा आलेला असतो. व्हीएलसी त्यातून वाट काढतो, टीव्ही काढेलच असं नाही. गाळून काढलेली एमपीजी घेतली की हा प्रश्न राहत नाही.

रायटर सुरू करण्याआधी सीडी हातात घेऊन ट्यूबलाइटसमोर धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके आरपार दिसले तर तिथला चकचकीत थर गेला आहे आणि तेवढी माहिती परत येणार नाही. सीडीत हा थर लेबलच्या बाजूला, वार्निशच्या पातळ पदराखाली असतो. खालून सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक असतं. म्हणजे आपण सगळे खालची बाजू जपतो, पण खरी नाजूक बाजू वरची, जिच्यावर नवरा-नवरीचा फोटो आणि 'चि. सौ. कां.' छापलेला स्टिकर चिकटवलेला असतो. तो स्टिकर कितीही सुटलेला, फुगलेला असला तरी ओढू नका. त्याच्याबरोबर थर सोलून येतो. सुटलेली कड बोटाने हलकेच दाबा आणि ती सीडी कमी वेगाने वाचा.

खालच्या बाजूचे डाग मात्र निघतात. तुमच्याकडे जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते, तिथे प्लास्टिकच्या पाकिटातल्या सीडीवर पांढुरका थर धरला तर नवल नाही. साध्या पाण्यात सौम्य साबणाचा थेंब, मऊ सुती कापड, आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसायचं. गोल गोल फिरवून पुसू नका. गोल ओरखडा ट्रॅकच्या बाजूने लांबवर जातो आणि सलग माहिती खातो. आडवा ओरखडा प्रत्येक फेरीत थोडीशीच खातो, आणि तेवढं सीडीची दुरुस्ती भरून काढते. टूथपेस्ट घासायचा उपाय सर्रास सांगितला जातो, तो करू नका.

शूटिंगवाल्याने दिलेली सीडी ही रायटरवर लिहिलेली, रंगाच्या थरावर. हा रंग उन्हाने, उष्णतेने, ओलाव्याने हळूहळू उतरतो. कारखान्यात छापलेली सिनेमाची व्हीसीडी वेगळी; तिच्यात खड्डे प्लास्टिकमध्येच दाबलेले असतात, ती जास्त टिकते. २००७ च्या सुमाराला मोझर बेअर या सीड्या बनवणाऱ्या कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणली होती. ते सिनेमे पुन्हा कुठेतरी बघायला मिळतील, काकांचं लग्न मिळणार नाही. वेळ कमी असेल तर घरच्या सीड्या आधी घ्या.

एका रायटरवर वाचली नाही तर दुसऱ्यावर लावून बघा. ड्राइव्हागणिक फरक पडतो, आणि जुन्या डेस्कटॉपमधले ड्राइव्ह अशा सीड्या पुष्कळदा जास्त चांगल्या वाचतात. कुणाच्या माळ्यावर तसा कॉम्प्युटर पडला असेल तर मागून आणा.

आवाजाबद्दल मुद्दाम लिहितो, कारण त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. व्हीसीडीचं चित्र गरीब आहे, आवाज मात्र नाही: ४४.१ किलोहर्ट्झ, स्टिरिओ, सेकंदाला २२४ किलोबिट. मिक्सिंग करताना शूटिंगवाले हळदीवर, वरातीवर, जेवणाच्या पंगतीवर सिनेमाची गाणी टाकायचे, त्यामुळे तिथे माणसांचे आवाज बुजलेले असतात. पण अक्षतेच्या वेळी मूळ आवाज बहुतेक ठेवलेला असतो. मंगलाष्टकं म्हणणारी आत्या, मधेच "अंतरपाट धरा की रे नीट" म्हणून ओरडणारे आजोबा, कानडीत काहीतरी विचारणारे व्याही, हे सगळं त्या वीस-पंचवीस मिनिटांत सापडतं. हेडफोन लावून ऐका. माझ्या मते या सीड्यांमधला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. फाइल दुसऱ्या प्रकारात बदलताना आवाज पुन्हा दाबून लहान करू नका, एवढी विनंती.

आता टीव्ही. एमपीजी फाइल पेन ड्राइव्हवर टाकली की बरेच टीव्ही ती थेट वाजवतात. तुमचा वाजवत नसेल तर हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रामने एमपी४ करून घ्या, पण मूळ एमपीजी जपून ठेवा. एमपी४ ही फक्त बघण्याची प्रत. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार ४:३ ठेवा, नाहीतर सगळी वऱ्हाडी मंडळी रुंद दिसतील. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील, त्या राहू द्या. चेहरे स्पष्ट करून देणारी नवी एआय सॉफ्टवेअरं निघाली आहेत, त्यांच्यापासून मूळ प्रत लांबच ठेवा. ३५२ बाय २८८ मध्ये आजीच्या चेहऱ्याला जेवढे ठिपके मिळालेत, त्यांच्यापलीकडचं ते सॉफ्टवेअर मनाने काढतं, आणि मग ती आपली आजी राहत नाही.

घरच्या मोठ्यांना सीडी घालूनच बघायची असेल तर चालू स्थितीतला जुना डीव्हीडी प्लेअर कुणाकडे तरी मिळेल. त्याला पिवळी-लाल-पांढरी वायर असते आणि नव्या टीव्हीला ती भोकं पुष्कळदा नसतात. मग एव्हीवरून एचडीएमआय करणारा छोटा कन्व्हर्टर लागतो. घेताना दिशा बघून घ्या. एचडीएमआयवरून एव्ही करणारा डबा दिसायला तसाच असतो, पण तो उलटा आहे, इथे चालणार नाही. कन्व्हर्टरला यूएसबीतून करंटही द्यावा लागतो.

अजून एक: त्याच लग्नाची टेपची कॅसेट कपाटात पडली आहे का ते काकूंना विचारा. शूटिंग आधी टेपवर व्हायचं आणि सीडी त्यावरून बनायची. मिनी डीव्ही टेप असेल तर तिच्यातलं चित्र ७२० बाय ५७६ चं, व्हीसीडीच्या चौपट ठिपक्यांचं असतं.

तुमची कॉपी किती टक्क्यांवर अडते ते लिहा, आणि तिन्ही सीड्यांचं वेगवेगळं लिहा. सीडी आतून बाहेर लिहिली जाते. सुरुवातीलाच अडत असेल तर डाग मधल्या भोकाजवळ आहे, शेवटी अडत असेल तर कडेला. ते कळलं की नेमकं कुठे पुसायचं ते सांगतो.