माना पिळल्या, हिरवी हगवण: औषध शोधण्याआधी हे करा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की आठवडे बाजारातून आणलेल्या दोन कोंबड्या कळपात सोडल्या, आठवड्यात चार मेल्या, उरलेल्यांना हिरवी पातळ हगवण आहे, दोघींच्या माना पिळल्यात; कोणतं अँटिबायोटिक द्यावं? लक्षणं मानमोडीची, म्हणजे राणीखेतची दिसतात. हा विषाणूचा आजार, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. पैसे त्यात घालू नका.

आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मानमोडी आणि बर्ड फ्लू सुरुवातीला नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत, आणि आपल्या नवापुरात 2006 आणि 2021 मध्ये बर्ड फ्लू येऊन गेलाय. तुरा-गलोल जांभळे पडले, डोकं सुजलं किंवा एका रात्रीत बऱ्याच मेल्या, तर थांबूच नका. मेलेली कोंबडी कापू नका, खाऊ नका. डॉक्टरांनी नमुना घेतला की विहीर-नाल्यापासून लांब चार फूट खड्ड्यात, खाली-वर चुना टाकून पुरा. उथळ पुरलेली कोंबडी कुत्री रात्रीतून उकरतात आणि आजार गल्लीभर नेतात.

आजारी पक्षी लांबच्या खुराड्यात ठेवा, भांडी वेगळी. दाणा-पाणी आधी निरोगी कोंबड्यांना, मग आजारींना, आणि तिकडून परत निरोगींकडे जायचं नाही. तिथल्या चपलाही वेगळ्या, कारण विष्ठा तळव्याला चिकटून येते. निरोगी दिसणाऱ्याही कोंडूनच ठेवा, पण उन्हाळ्यात सावली आणि गार पाणी हवंच. आणि कळकळीने सांगतो, उरलेल्या बाजारात विकू नका. तुमच्याकडे आजार असाच आला असणार.

लहान पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण, तिला औषध आहे: अँप्रोलियम 20 टक्के पावडर, लिटरला 1.2 ग्रॅम, 5 दिवस, दुसरं पाणी न देता. ओलं तूस बदललं नाही तर ती पुन्हा उलटते.

मानमोडीवर खरा उपाय लसच. पिल्लू 5 ते 7 दिवसांचं असताना लासोटा, डोळ्यात एक थेंब. चौथ्या आठवड्यात पुन्हा. आठव्या आठवड्यात आर-टू-बी, पंखाजवळ कातडीखाली अर्धा मिली. आजारी पक्ष्याला आर-टू-बी टोचू नका. सध्या निरोगींना लासोटा द्यायची का, ते डॉक्टरांना विचारा. ज्यांच्या अंगात विषाणू आधीच शिरलाय त्या लसीनंतरही मरतील, तो लसीचा दोष नव्हे. आपल्याकडच्या उन्हात लस वाटेतच मरते, म्हणून थर्मासात बर्फ घालून आणा, सकाळी लवकर द्या, कालवल्यावर दोन तासांत संपवा. कुपी सहसा 100 डोसची असते, तेव्हा शेजारची चार घरं मिळून आणा. फक्त लस देणाऱ्याने आजारी कळपाच्या घरी सगळ्यात शेवटी जावं.

नवे पक्षी यापुढे 21 दिवस वेगळे ठेवूनच मिसळा. खुराडं रिकामं झालं की विष्ठा खरवडून आधी धुवा, मगच ब्लीचिंग पावडरचं पाणी मारा. घाणीवर मारलेली ब्लीचिंग वाया जाते.