‘थरांत’ आणि ‘थरांमध्ये’

नांदेडला भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करणाऱ्या एका वाचकाने एका मराठी टिपणातलं वाक्य पाठवलं आहे : ‘हे संयुग थरांत लोहचुंबकीय, तर थरांमध्ये प्रतिलोहचुंबकीय आहे.’ (लोहचुंबकीय म्हणजे अणूंचे चिमुकले चुंबक सगळे एका दिशेला; प्रतिलोहचुंबकीय म्हणजे ते एकमेकांच्या उलट, त्यामुळे बेरीज शून्य.) त्यांचा प्रश्न : ‘त’ आणि ‘मध्ये’ यांत असा फरक मराठीत आहे का?

नाही. पेटीत काय आणि पेटीमध्ये काय, वस्तू एकाच जागी. लिहिणाऱ्याच्या मनातला फरक (एकाच थराच्या आत काय, आणि एका थराचं दुसऱ्याशी काय) कागदावर उतरलेलाच नाही. आणि इथं तर सगळं त्याच्यावरच अडलेलं आहे. क्रोमियम सल्फाइड ब्रोमाइड हे थराथरांनी बनलेलं संयुग घ्या. १३२ केल्विनच्या खाली त्याच्या एका थरातले क्रोमियमचे सगळे चुंबकीय आघूर्ण (म्हणजे अणूंचे ते चिमुकले चुंबक) एका दिशेला, तर शेजारच्या थरातले बरोबर उलट्या दिशेला. मँगनीज फॉस्फरस ट्रायसल्फाइडमध्ये मात्र एकाच थरातले शेजारी-शेजारी मँगनीज अणू एकमेकांच्या उलट. हे ७८ केल्विनखाली. बेरीज दोन्हीकडे शून्य, म्हणून दोन्ही प्रतिलोहचुंबकीय. पण पहिल्याचा एकच थर सोलून काढला तर तो लोहचुंबक निघतो. दुसऱ्याचं तसं नाही.

मग लिहावं कसं? ‘आंतरथरीय’ आणि ‘अंतर्थरीय’ ही जोडी व्याकरणात बसते (‘आंतरजातीय’ आणि ‘अंतर्गत’ आठवा), पण वर्गात मागच्या बाकावर दोन्ही सारखेच ऐकू येतात. ‘थराथरांत’ हा शब्दही फसवा. भावाभावांत वाद म्हणजे भाऊ एकमेकांशी भांडतात. घराघरांत वाद म्हणजे प्रत्येक घरात वेगळं भांडण. थर भावांसारखे समजायचे की घरांसारखे?

‘गावातल्या गावात’ असं आपण म्हणतोच, त्या चालीवर ‘थरातल्या थरात’ नेमकं बसतं. दुसऱ्या अर्थासाठी आमच्याकडचा ‘मधात’ मला फार आवडतो. दोन घरांच्या मधात बोळ असतो, घरात नव्हे. पण पुण्याच्या संपादकाला तिथं मधाची बाटली दिसेल, तेव्हा छापताना ‘एका थराचं दुसऱ्याशी’ म्हणावं : ‘थरातल्या थरात आघूर्ण एका दिशेला, पण एका थराचे दुसऱ्या थराच्या उलट.’ वाक्य लांबतं, लांबू द्या.

जाता जाता : ‘प्रतिलोहचुंबकीय’मधला ‘लोह’ जिभेला जड जातो म्हणून गाळू नका. प्रतिचुंबकीय म्हणजे चुंबकापासून किंचित दूर ढकलले जाणारे पदार्थ : बिस्मथ, तांबं, पाणी. ते वेगळंच प्रकरण आहे.