कॅमेरा पोलीस ठाण्यात, सही कन्नड कागदावर

प्रश्न : मी बेळगावातल्या वडगावचा. वडील उद्यमबागेतल्या फौंड्रीत मोल्डर होते. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कारखान्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं मनात आहे. परवा रस्त्यावरून फोटो काढताना एका कारखान्याचं गेट अर्धवट उघडं दिसलं, म्हणून चार पावलं आत जाऊन भट्टीचे दोन फोटो घेतले. वॉचमनने अडवलं, सुपरवायझरने सगळे फोटो पुसले आणि पोलिसांना बोलावलं. ठाण्यात कन्नड कागदावर सही घेतली, कॅमेरा ठेवून घेतला. पावती दिली नाही. मी गुन्हा केलाय का? कॅमेरा कसा मिळवू?

उत्तर : रस्त्यावरच्या फोटोंची काळजी सोडा. सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून शेड, चिमणी, भंगाराचा ढीग टिपायला परवानगी लागते, असा सरसकट कायदा नाही. इमारतीच्या फोटोने कॉपीराइटही मोडत नाही. १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्येच तशी सूट आहे. जपायचं ते लष्कराला. आपल्याकडे कॅम्प आहे, सांबऱ्याला हवाई दल आहे. शिवाय सरकारी कंत्राटावर युद्धसामग्री बनवणारा खासगी कारखानाही १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यात 'प्रतिबंधित जागा' ठरू शकतो. तसा फलक दिसला की कॅमेरा पिशवीत.

तुमची खरी अडचण त्या चार पावलांची. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे नुसतं आत शिरणं हा फौजदारी गुन्हा होत नाही; गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. भट्टी बघून पाय आत वळले, यात मला तो हेतू दिसत नाही. पण म्हणून 'मी रस्त्यावरच होतो' असं कुठेही लिहून देऊ नका. गेटवर सीसीटीव्ही असला, तर त्या एका वाक्याने तुमचं बाकीचं खरंही खोटं ठरेल.

आता कागद. तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, म्हणजे तो जबाब नसावा. माझ्या अंदाजाने ती मुच्चळिके असेल, 'पुन्हा असं करणार नाही' म्हणून लिहून दिलेली हमी. तेवढ्याने तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. पण तिच्यात 'चोरीच्या उद्देशाने' असं काही घातलंय का, ते कळायला हवं. माहिती अधिकारात नक्कल मागा. कर्नाटकात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, आपली सगळी कैफियत त्यात ओतू नका. आणि पुढच्या वेळी मजकूर कळला नाही, तर सहीखाली मराठीत लिहा : 'कन्नड वाचता येत नाही, वाचून दाखवलेलं नाही.'

कॅमेऱ्यासाठी आधी ठाण्याच्या इन्स्पेक्टरांना साधा अर्ज द्या : अमुक तारखेला, अमुक कंपनीचा, अमुक नंबरचा कॅमेरा घेतला, गुन्हा नोंद असेल तर नंबर द्या, नसेल तर कॅमेरा परत द्या. खरेदीचं बिल जोडा, पोच घ्या. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज मराठीतही देता येतो. तरी मी कन्नड प्रतही जोडायला सांगेन. हक्क खरा, पण तुम्हाला कॅमेरा लवकर हवाय. जप्ती केली असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ प्रमाणे ती मॅजिस्ट्रेटना कळवणं भाग आहे, आणि कलम १०५ प्रमाणे तिचं व्हिडिओ चित्रीकरणही व्हायला हवं. पावतीसुद्धा नाही म्हणता, तेव्हा यातलं काही झालं असेल असं वाटत नाही. आठवड्यात उत्तर आलं नाही, तर त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली कोर्टात ताबा मागायचा. जप्त वस्तू ठाण्यात कुजवत ठेवू नका, असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच बजावलंय.

सुपरवायझरवर तक्रार करता येईल. तुमचे फोटो पुसण्याचा अधिकार त्याला नव्हता, पोलिसांनाही नसतो. पण आज ती केलीत, तर ते अतिक्रमणाची उलटी फिर्याद देतील आणि कॅमेरा मुद्देमाल म्हणून अडकेल. आधी कॅमेरा हातात येऊ द्या.

प्रदर्शनात ओळखू येणाऱ्या कामगारांची संमती आधी घ्या. फोटोखाली 'मालकाने बुडवलेली फौंड्री' असलं काही लिहू नका, बदनामीचा दावा तिथूनच येतो. आणि कॅमेरा परत मिळाला की त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. पुसलेले फोटो बऱ्याचदा परत मिळतात. कार्ड काढा आणि तसंच डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.